निकामी लष्करी उपग्रह आणि सरकारी मौन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात सहकारनगरला राहतो. गच्चीवरून उपग्रह बघण्याचा नाद जुना आहे, त्यामुळे कुठलंही रॉकेट पडलं की सोसायटीच्या ग्रुपपासून शाळूसोबत्यांपर्यंत सगळ्यांचे प्रश्न माझ्याच फोनवर येतात. १२ जानेवारी २०२६ ला इस्रोचं पीएसएलव्ही-सी६२ फसलं, तेव्हापासून तेच ते प्रश्न इतक्यांदा आले की शेवटी उत्तरं लिहून काढली. प्रश्न विचारणाऱ्यांच्या भाषेतच ठेवलेत. सुरुवातीचं 'काका, एक शंका' तेवढं कापलंय.

१. लष्करी उपग्रह म्हणजे हेरगिरी करणारेच ना?

सगळे नाहीत. हेरगिरी करणाऱ्यांत काही बघतात, काही ऐकतात. बघणाऱ्यांत कॅमेऱ्याचे आणि रडारचे असे दोन प्रकार. रडारला ढग आणि अंधार आडवे येत नाहीत, म्हणून आपल्यासारख्या चार महिने पावसाळी देशाला त्याचं मोल जास्त. ऐकणारे उपग्रह परक्या रडारचे आणि वायरलेसचे संदेश टिपतात. एप्रिल २०१९ मध्ये गेलेला आपला ईमिसॅट त्यातला. बाकीचे साधे कामकरी. जीसॅट-७ (२०१३) नौदलाची जहाजं एकमेकांशी बोलती ठेवतो, जीसॅट-७ए (२०१८) हवाई दलासाठी तेच करतो.

पण पुष्कळ उपग्रह दुहेरी कामाचे असतात. रिसॅट मालिकेच्या रडारचित्रांवरून भाताचं पीक किती उभं आहे ते कळतं आणि सीमेपलीकडे काय हललं तेही. 'हा लष्करी, तो मुलकी' अशी रेघ आपल्याकडे ओढता येत नाही. गुप्ततेची निम्मी भानगड तिथेच सुरू होते.

२. आपले असे किती गेले?

संरक्षणाला थेट किंवा आडून उपयोगी पडणारे आणि ज्यांचं अपयश जाहीर झालं, असे गेल्या दशकभरात सहा सांगता येतात.

ऑगस्ट २०१७ मध्ये आपल्या देशी जीपीएसचा, म्हणजे 'नाविक'चा उपग्रह आयआरएनएसएस-१एच: रॉकेटचं उष्णतारोधक कवच उघडलंच नाही आणि उपग्रह डब्यातल्या लाडवासारखा आतच राहिला. मार्च २०१८ मध्ये जीसॅट-६ए. त्याची सहा मीटरची अँटेना छत्रीसारखी उघडणार होती आणि जवानाच्या हातातल्या लहान संचाशीही बोलणं होणार होतं. दुसऱ्यांदा कक्षा उंचावल्यावर संपर्क तुटला. इस्रोने ही बातमी दिली १ एप्रिलला, त्यामुळे आमच्या ग्रुपवर निम्म्यांना थट्टाच वाटली. ऑगस्ट २०२१ मध्ये पृथ्वीवर नजर ठेवणारा ईओएस-०३, रॉकेटचा क्रायोजेनिक (अतिथंड इंधनाचा) टप्पा पेटला नाही. जानेवारी २०२५ मध्ये नाविकचाच एनव्हीएस-०२. श्रीहरिकोट्याचं ते शंभरावं उड्डाण. रॉकेटने आपलं काम चोख केलं, पण उपग्रहाच्या इंजिनाला ऑक्सिडायझर (इंधन जळण्यासाठी लागणारं द्रव्य) पोचवणारे व्हॉल्व्ह उघडले नाहीत. मे २०२५ मध्ये ईओएस-०९, रडारचा. पीएसएलव्ही-सी६१ चा तिसरा टप्पा बिघडला. जानेवारी २०२६ मध्ये संरक्षण संशोधन करणाऱ्या डीआरडीओचा ईओएस-एन१ म्हणजे 'अन्वेषा', पीएसएलव्ही-सी६२ वर, आणि पुन्हा तिसऱ्याच टप्प्यात बिघाड.

शेवटचे दोन सलग वाचा. प्रश्न १२ त्यांच्यावरच आहे.

३. अपयश म्हणजे सगळंच पाण्यात का?

नेहमी नाही. एनव्हीएस-०२ पृथ्वीभोवती फिरतोय, फक्त जिथे हवा तिथे नाही. असा उपग्रह म्हणजे चुकीच्या डेपोत जाऊन उभी राहिलेली एसटी. गाडी धडधाकट, प्रवासी भलतीकडे.

अमेरिकेचं एक उदाहरण मला फार आवडतं. ३० एप्रिल १९९९ ला टायटन-४ रॉकेटवरून मिलस्टार हा लष्करी दळणवळण उपग्रह गेला. वरच्या सेंटॉर टप्प्याच्या संगणकात एक आकडा भरायचा होता: -१.९९२४७६. भरला गेला -०.१९९२४७६. दशांशचिन्ह एक घर सरकलं, टप्पा अंतराळात भेलकांडला आणि कोट्यवधी डॉलरचा उपग्रह निरुपयोगी कक्षेत जाऊन पडला. हे आपल्याला माहीत आहे, कारण चौकशीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आज सॉफ्टवेअर शिकणाऱ्या मुलांना हा धडा म्हणून सांगतात.

याच्या उलट एईएचएफ-१ ची गोष्ट. ऑगस्ट २०१० मध्ये गेल्यावर त्याचं मुख्य इंजिन चाललं नाही. इंधनाच्या नळीत कारखान्यात राहून गेलेला कापडाचा बोळा असावा, असा निष्कर्ष निघाला. जागा धरून ठेवण्यासाठी दिलेल्या इवल्या थ्रस्टरवर चौदा महिने रेटत रेटत त्यांनी तो वर नेला. बोळ्याची गोष्टही जाहीर झाली. लाज वाटण्यासारखीच होती, तरी झाली.

४. उपग्रहांची नावं मध्येच का बदलतात? रिसॅटचा ईओएस कसा झाला?

२०२० पासून इस्रोने पृथ्वी बघणाऱ्या उपग्रहांना सरसकट ईओएस आणि पुढे क्रमांक अशी नावं दिली. ईओएस-०९ म्हणजे जुन्या हिशेबाने रिसॅट-१बी. नवीन नावावरून आत कॅमेरा आहे की रडार, हे कळत नाही. सोय म्हणून केलं की झाकायला, ते तुम्हीच ठरवा.

ही युक्ती जुनी आहे. सोव्हिएत संघ १९६२ पासून वाटेल त्या उपग्रहाला 'कॉसमॉस' म्हणत असे, पृथ्वीच्या कक्षेत अडकून पडलेल्या ग्रहयानांनासुद्धा. मार्च १९७२ मध्ये शुक्राकडे निघालेलं आणि इथेच राहिलेलं यान 'कॉसमॉस ४८२' या नावाने ५३ वर्षं फिरलं आणि १० मे २०२५ ला पडलं. अमेरिकेने आपले पहिले हेरउपग्रह 'डिस्कव्हरर' म्हणून, विज्ञानाचे प्रयोग म्हणून खपवले. आत होती फिल्म. ती डब्यात घालून खाली टाकायची आणि विमानाने हवेतच पकडायची. या कोरोना प्रकल्पाच्या डझनभर मोहिमा ओळीने फसल्या, तेव्हा कुठे ऑगस्ट १९६० मध्ये पहिली फिल्म हाती आली. लोकांना मात्र विज्ञान फसतंय असंच वाटत राहिलं.

५. उपग्रह आकाशात तर दिसतोच. मग लपवतात काय?

या पानावरचा हा सगळ्यात शहाणा प्रश्न, आणि तो नववीतल्या एका मुलीने विचारला.

उपग्रह कुठे आहे हे बड्या देशांपासून लपत नाही. अमेरिका, रशिया, चीन यांच्या रडारना तो पहिल्याच फेरीत दिसतो. कक्षा उंचावायची होती आणि उंचावली नाही, हेही दोन दिवसांत कळतं. म्हणजे उपग्रह निकामी झाला ही बातमी शत्रूकडे आधी पोचते आणि ज्याच्या करातून तो बनला त्याच्याकडे शेवटी. खरं गुपित असतं ते कॅमेऱ्याला किती बारीक दिसतं, कुठली फ्रिक्वेन्सी ऐकली जाते, चित्र किती वेळात खाली येतं, यात. ते झाकलंच पाहिजे, माझं काही म्हणणं नाही. पण क्षमतेच्या गुपिताची चादर अपयशावरही ओढून घेतली जाते, तिथे माझी तक्रार आहे.

साध्या माणसालाही बरंच दिसतं. इंग्लंडमध्ये केटरिंग गावच्या शाळेत जेफ्री पेरी नावाचे भौतिकशास्त्राचे शिक्षक होते. ते मुलांना घेऊन सोव्हिएत उपग्रहांचे रेडिओ संदेश ऐकत. कक्षांचं गणित मांडता मांडता १९६६ मध्ये त्यांच्या लक्षात आलं की सोव्हिएतांचं एक प्रक्षेपण केंद्र प्लेसेत्स्कला आहे. मॉस्कोने तोवर त्याचं नावही घेतलं नव्हतं.

६. पुण्यातून असे उपग्रह बघता येतात का? पोलीस पकडतील का?

येतात. सूर्य मावळल्यावर दीड तासाच्या आत किंवा पहाटे तेवढाच वेळ आधी बघा. खाली अंधार असतो, पण वर पाचशे किलोमीटरवर अजून ऊन असतं आणि उपग्रह त्यात चमकतो. लुकलुकत नाही, विमानासारखा लाल-हिरवा दिवा नाही, सरळ चालत जातो. माझ्याकडे १०×५० ची दुर्बीण आणि मोबाइलचं स्टॉपवॉच आहे. ठरावीक ताऱ्याजवळून तो किती वाजून किती सेकंदांनी गेला, एवढं लिहायचं. पर्वतीच्या बाजूला झगमगाट वाढल्यापासून मी पानशेतकडे जातो.

आकाशाकडे बघायला परवानगी लागत नाही. पण पाषाण किंवा दिघीच्या संरक्षण प्रयोगशाळांच्या भिंतीकडे कॅमेरा वळवू नका. १९२३ चा ऑफिशियल सिक्रेट्स अॅक्ट अजून जिवंत आहे आणि 'निषिद्ध जागा' हा शब्द त्यात आहे. उपग्रहाचा रेडिओ ऐकायचा असेल तर हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना असलेल्या मित्राला गाठा.

७. 'झुमा' म्हणजे काय प्रकार होता?

जानेवारी २०१८ मध्ये फ्लोरिडातून स्पेसएक्सच्या फाल्कन-९ वर गेलेला अमेरिकन गुप्त उपग्रह. बांधला नॉर्थ्रॉप ग्रुमनने, पण कुठल्या खात्यासाठी ते कधीच सांगितलं गेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून बातम्या आल्या की तो रॉकेटपासून सुटलाच नाही आणि परत वातावरणात पडला. स्पेसएक्सने सांगितलं, आमच्या रॉकेटने सगळं बरोबर केलं. नॉर्थ्रॉपने सांगितलं, गुप्त मोहिमांवर आम्ही बोलत नाही. सरकारने काहीच सांगितलं नाही. तरी अधिकृत यादीत त्याला यूएसए-२८० हा क्रमांक मिळाला.

खरी मजा पुढे आहे. कॅनडातला स्कॉट टिली नावाचा हौशी माणूस झुमाचा सिग्नल मिळतो का, म्हणून रेडिओ लावून बसला होता. झुमा मिळाला नाही. २० जानेवारीला भलताच आवाज मिळाला: नासाचा इमेज नावाचा वैज्ञानिक उपग्रह, डिसेंबर २००५ पासून मुका झालेला आणि मेला म्हणून सोडून दिलेला. तो पुन्हा बोलत होता आणि नासाला पत्ता नव्हता. टिलीने कळवल्यावर त्यांनी खात्री करून घेतली. हरवलेलं गुपित शोधायला गेलेल्या माणसाला उघड्यावर हरवलेली वस्तू सापडली. इमेज मूळचाच उघड असल्याने त्याची फ्रिक्वेन्सी सगळ्यांना ठाऊक होती, म्हणून ओळखता तरी आला.

८. 'निकामी झाला' म्हणून सांगायचं आणि गुपचूप चालवायचा, असं होतं का?

झाल्यासारखं दिसतं. १९९० मध्ये अटलांटिस शटलने एक गुप्त उपग्रह सोडला, यूएसए-५३. थोड्याच दिवसांत त्याचे तुकडे झाल्याच्या बातम्या आल्या आणि जगाने विषय सोडला. वर्ष संपायच्या आत हौशी निरीक्षकांना एक अनोळखी उपग्रह सापडला. कक्षा मागे मोजत नेली तर ती यूएसए-५३ शी जुळली. 'मिस्टी' नावाने ओळखला जाणारा हा दिसू नये म्हणूनच बनवलेला उपग्रह होता, असं आज मानलं जातं. त्यामुळे झुमाबद्दलही काहींना शंका आहे. मला वाटतं झुमा खरंच पडला. पण मी हे गच्चीवरून बोलतोय.

९. बिघडलेला हेरउपग्रह क्षेपणास्त्राने पाडतात का?

एकदा पाडलाय. डिसेंबर २००६ मध्ये गेलेला यूएसए-१९३ कक्षेत पोचताच मुका झाला. टाकीत सुमारे ४५० किलो हायड्राझीन तसंच होतं. फेब्रुवारी २००८ मध्ये तो खाली येऊ लागला तेव्हा लेक एरी या युद्धनौकेवरून सोडलेल्या एसएम-३ क्षेपणास्त्राने २४७ किलोमीटर उंचीवर तो फोडला. सांगितलेलं कारण: विषारी इंधन वस्तीवर पडू नये. अनेकांचा तर्क: भाग कुणाच्या हाती लागू नयेत, आणि वर्षभरापूर्वी चीनने स्वतःचा हवामान उपग्रह फोडून दाखवला होता त्याला उत्तर. तिन्ही कारणं एकाच वेळी खरी असायला हरकत नाही.

आपलं २७ मार्च २०१९ चं मिशन शक्ती यात धरू नका. तिथे फोडलेला मायक्रोसॅट-आर बिघडलेला नव्हता, दोन महिने आधी त्याच कामासाठी वर पाठवला होता. पाठवताना मात्र 'चित्रं घेणारा उपग्रह' एवढंच सांगितलं होतं.

१०. घरावर पडला तर? भरपाई कोण देणार?

१९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार ज्या देशाने सोडला तो देश. जमिनीवरच्या नुकसानीत चूक सिद्ध करायचीही गरज नाही. पण दावा तुमच्या वतीने सरकारने करायचा असतो, तुम्ही परस्पर बीजिंगला नोटीस धाडू शकत नाही.

मोठी घटना एकच. सोव्हिएतांचा कॉसमॉस ९५४ हा जहाजांवर नजर ठेवणारा उपग्रह अणुभट्टीवर चालायचा. २४ जानेवारी १९७८ ला तो कॅनडाच्या उत्तरेला बर्फात पडला. तो घसरतोय हे अमेरिकेला आधीपासून ठाऊक होतं, मॉस्कोशी आतल्या आत बोलणीही झाली होती. लोकांना कळलं पडल्यावर. किरणोत्सारी तुकडे शोधायला १,२४,००० चौरस किलोमीटर धुंडाळावे लागले, म्हणजे महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. कॅनडाने सुमारे ६० लाख डॉलर मागितले, ३० लाखांवर तडजोड झाली.

आपल्याकडे २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, आकाशातून जळते पट्टे गेले आणि चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं. ते उपग्रहाचं नव्हतं, बहुधा चिनी रॉकेटच्या टप्प्याचं. असं काही सापडलं तर हात लावू नका, पोलिसांना कळवा. स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकाच्या वेळी, १९७९ मध्ये, आमच्या वाड्यात दोन रात्री कुणी अंगणात झोपलं नव्हतं, आणि ते पडलं ऑस्ट्रेलियात.

११. आरटीआय टाकून विचारलं तर?

आधी खातं ओळखा. डीआरडीओ माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. कलम २४ नुसार तिथे अर्जच लागू होत नाही, अपवाद भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांचा. इस्रो त्या अनुसूचीत नाही. तिथे अर्ज चालतो, पण कलम ८(१)(अ) पुढे येतं: देशाची सुरक्षा, सामरिक आणि वैज्ञानिक हित.

मी एका केंद्रीय कार्यालयाला एका अपयशाबद्दल पाच प्रश्न विचारले होते. मुदतीच्या अगदी शेवटी पाच ओळींचं पत्र आलं, पाचही उत्तरं एकच: '८(१)(अ)'. त्यातला एक प्रश्न चौकशी समितीच्या किती बैठका झाल्या, एवढाच होता. बैठकांच्या संख्येने देशाची सुरक्षा कशी धोक्यात येते, ते मला अजून उमगलेलं नाही.

अपील करताना दोन कलमं लिहा. १०: गुप्त भाग झाकून उरलेला द्या. ८(२): जनहित मोठं असेल तर सूट असलेली माहितीही देता येते. आणि दुसरं अपील दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे जातं, राज्य आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे नाही. ही चूक दर वर्षी कुणीतरी करतं आणि नव्वद दिवसांची मुदत घालवून बसतं.

आरटीआयपेक्षा कधी कधी संसद बरी. नाविकचे किती उपग्रह चालू आहेत, यावर वर्षानुवर्षं कुजबूज होती. २०२५ मध्ये संसदेतल्या प्रश्नाला सरकारने लेखी उत्तर दिलं: पाठवलेल्या ११ पैकी स्थाननिश्चितीचं काम करणारे चार. चार फक्त संदेश प्रसारणापुरते, एक निवृत्त, दोन ठरलेल्या कक्षेत पोचलेच नाहीत. एका उत्तरात चित्र स्पष्ट झालं. तुमच्या खासदाराला पत्र लिहायला दहा रुपयेही लागत नाहीत.

१२. चौकशी अहवाल छापला तर शत्रूचा फायदा नाही का होणार?

अहवालात काय आहे त्यावर. उपग्रहाच्या कॅमेऱ्याचं वर्णन छापा असं कुणी म्हणत नाही. रॉकेटचा व्हॉल्व्ह गळला, हे छापण्यात काय जातं? ईओएस-०३ च्या वेळी इस्रोने तेच केलं. हायड्रोजनच्या टाकीच्या व्हॉल्व्हमधून गळती झाली, दाब कमी पडला, म्हणून इंजिन पेटलं नाही, असं कारणासकट जाहीर झालं. त्याने कुठला शत्रू शहाणा झाल्याचं दिसलं नाही, आणि त्याच जातीचं रॉकेट पुढे पुन्हा उडालं. मिलस्टारचं (प्रश्न ३) तर दशांशचिन्हासकट छापलं गेलं.

मे २०२५ च्या सी६१ बाबतीत तसं झालं नाही. समिती नेमली, पण सी६२ उडेपर्यंत तिचा अहवाल लोकांसमोर आला नाही. मग सी६२ तिसऱ्या टप्प्यातच गेलं. दोन्ही वेळा कारण एकच होतं असं मी म्हणत नाही, ते म्हणायला अहवाल लागतो. पण अहवाल उघड असता तर बाहेरच्या चार जाणत्या माणसांनी 'हे दुरुस्त केलंत का' एवढं तरी विचारलं असतं. सीओईपी या पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांना त्यांच्या किलोभराच्या उपग्रहाबद्दल परीक्षक जेवढं सतावतात, तेवढं तरी.

१३. याच रॉकेटवर कॉलेजांचे, कंपन्यांचे उपग्रह असतात. त्यांना तरी कळतं का?

करारात असेल तेवढं. सीओईपीचा 'स्वयं' जून २०१६ मध्ये पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला. एक किलोचा, विद्यार्थ्यांनी बनवलेला, आणि त्याच रॉकेटवर मुख्य प्रवासी कार्टोसॅट-२ मालिकेतला उपग्रह. एकूण वीस जण होते आणि सगळे सुखरूप पोचले, म्हणून प्रश्न आला नाही. सी६२ वर 'अन्वेषा'बरोबर पंधरा सहप्रवासी होते. लष्करी सामान आणि मुलकी सामान एका टेम्पोत भरलं की टेम्पो का उलटला हे फक्त एकालाच सांगून भागत नाही.

१४. निदान वीस-पंचवीस वर्षांनी तरी उघड होतं का?

अमेरिकेत बऱ्याचदा होतं, उशिरा. हेरउपग्रह चालवणारं एनआरओ हे खातं १९६१ चं, पण ते अस्तित्वात आहे हे सरकारने १९९२ मध्ये मान्य केलं. कोरोनाची आठ लाखांहून जास्त चित्रं १९९५ मध्ये खुली झाली. आज पुरातत्त्वाचे लोक त्यातून धरणांखाली आणि शहरांखाली गेलेल्या जुन्या वसाहती शोधतात.

आपल्याकडे गोम आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(३) नुसार वीस वर्षांपूर्वीची माहिती द्यावी लागते, हे खरं. पण त्याला तीन अपवाद आहेत आणि पहिलाच ८(१)(अ) आहे. म्हणजे सुरक्षेचं कारण वीस वर्षांनीही तसंच लावता येतं. युद्धांच्या इतिहासाचे कागद साधारण २५ वर्षांत खुले करावेत असं धोरण संरक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये आणलं. ते युद्धांसाठी आणि लष्करी मोहिमांसाठी आहे, पडलेल्या उपग्रहांसाठी नाही.

१५. माझा पुतण्या पाषाणला संरक्षण प्रयोगशाळेत आहे. त्याला विचारू का?

विचारू नका. त्याला ठाऊक नसेल तर तो उगाच ओशाळेल, ठाऊक असेल तर सांगितल्याबद्दल त्याची नोकरी जाईल. वर उपग्रहाचं काम पुण्यात फारसं होतही नाही. इथल्या प्रयोगशाळा दारूगोळा, स्फोटकं आणि पूल बांधण्याच्या सामानाच्या. माझ्या आत्तेभावाने अशा ठिकाणी एकतीस वर्षं काढली. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसला की मी दर वेळी एवढंच विचारतो, 'काय, कसं काय चाललंय?' तो दर वेळी मठ्ठ्याची वाटी पुढे सरकवतो आणि म्हणतो, 'यंदा पाऊस बरा आहे.'